केलेपीची झोप

४ मे, रविवार

आज मुलांचा रविवार. वर्षातून एकदाच मुलं चर्चमध्ये पुढे उभी राहून पाठ केलेलं म्हणतात, आणि त्या दिवशी नवे कपडे त्यांना, पहिलं ताट त्यांचं. तोमासीकडून मी महिनाभर ओळी घोकून घेतल्या होत्या. आठ वर्षांचं पोर पांढऱ्या सदऱ्यात, रिवाजाप्रमाणे कमरेला नवी चटई बांधून असं ऐटीत उभं राहिलं की माझा ऊर भरून आला. पहिल्या ओळी खणखणीत म्हटल्या. मग त्याने बापाकडे पाहिलं. बाप मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. नुसता झोपला नव्हता, घोरत होता. तोमासी थांबला. मागून कोणीतरी खुसखुसलं, मग अख्खी बाकं हसली. मी कोपर मारलं तेव्हा केलेपी दचकून उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. पोराच्या निम्म्या ओळी अजून म्हणायच्या होत्या.

तोमासी घरी येऊन जेवला नाही. मुलांच्या दिवशी मूलच उपाशी.

ही डायरी माझ्या भावाने ऑकलंडहून पाठवली होती, तशीच कोरी पडली होती. आजपासून लिहिणार आहे. नवऱ्याची तक्रार करायची तर कोणाकडे? आम्ही बायका चटया विणायला बसतो तिथे तोंड उघडलं तर संध्याकाळपर्यंत गावभर. केलेपीच्या थोरल्या बहिणीकडे, सेइनी वन्संकडे, तर सोयच नाही. भाऊ कितीही मोठा झाला तरी बहिणीचा मान त्याच्या वर, मग भावजयीची काय कथा. त्यांच्या भावाला त्यांच्यासमोर नावं ठेवली तर वाईट मीच ठरायची.

८ मे, गुरुवार

सकाळी मळ्यात गेला आणि ऊन तापायच्या आत परत आला. नीरफणसाच्या झाडाखाली चटई टाकली आणि आडवा. शेजारची डुकरीण पिल्लांसकट आमच्या रताळ्यांत घुसली, तीही त्याच्या पायाजवळून. मी ओरडत धावले तर डोळे न उघडता म्हणतो, "हाकल की."

"मी हाकलू? मग तू काय करणार आहेस?"

"उठतोय ना."

उठला तो दुपार कलल्यावर. तोवर डुकरांनी निम्मा वाफा उकरला होता.

गावात बायका हसतात. "आलिसी, तुझा नवरा चटया परीक्षा करून विकतो का गं? प्रत्येकीवर झोपून बघतो म्हणे!" मीही हसते. न हसून सांगू कोणाला?

१६ मे, शुक्रवार

सगळं मूळ त्या कावात आहे. पुरुषांनी त्यांच्या खोपटात गोल बसायचं, मुळीचं ते गढूळ पाणी करवंटीने ढोसायचं, उजाडेपर्यंत गाणी म्हणायची आणि मग दिवसभर ओंडक्यासारखं पडायचं. केलेपीचा आवाज खर्जातला, त्यामुळे त्याच्याशिवाय त्यांचं गाणं बसत नाही म्हणे. आज संध्याकाळी तो कमरेची चटई बांधायला लागला तशी मी दारात उभी राहिले.

"आज ठरव. कावा नाहीतर मी."

"कावा कधी माझ्यावर ओरडला नाही," तो म्हणाला. मला हसू येत होतं, पण मी दाबलं.

"त्या रविवारपासून तोमासी तुझ्याशी एक शब्द तरी बोललाय?"

त्याने चटई सोडून बाजूला ठेवली. "बरं. बंद. आजपासून करवंटीला तोंड लावणार नाही. शब्द देतो."

नवऱ्याने असं सरळ ऐकावं याचं मलाच नवल वाटलं. आज झोप चांगली लागेल.

३१ मे, शनिवार

कावा सोडला म्हणतो. पण झोप? झोप आणखी वाढली. आता जेवताना घास हातात धरून पेंगतो. काल नारळ सोलता सोलता पेंगला आणि पहार पायाला लागता लागता राहिली.

एक मात्र झालं, अंग उतरलं. पोट गेलं. कमरेची चटई दोन वेढे जास्त घेतले तरी घसरते. विणायला बसतो तिथे शेजारीण वाइओला म्हणाली, "तुझा नवरा परत तरणा दिसायला लागला, सांभाळ गं बाई." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लग्नात असाच दिसत होता.

पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. रात्री दार वाजतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुठे गेला होतास विचारलं तर "लघवीला." एवढ्यांदा? आणि सकाळी पाहावं तर टाकीजवळचा पाण्याचा डबा रिकामा. कावा प्यायला की घसा सुकतो हे काय मला ठाऊक नाही? कातडीही कोरडी, खवल्यांसारखी झालीय. तीही कावाचीच खूण. माझ्या वडिलांचे हात असेच होते. चोर आपणच माग सोडतो.

९ जून, सोमवार

थोरली लुपे आज शाळेत गेली नाही. कोनफळं काढायची वेळ टळत चाललीय आणि बाप उठत नाही, म्हणून तीच खोरं घेऊन मळ्यात गेली. पंधरा वर्षांची पोर. संध्याकाळी परत आली तर तळहाताला फोड. मी तेल लावत होते तेव्हा म्हणाली, "आई, बाबा आजारी आहेत का?"

"आजारी नाही, आळशी."

"पण ते आधी असे नव्हते."

"आधी मी बघत नव्हते."

केलेपीने तिचे हात पाहिले आणि तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं की जांभई आली होती, देवाला माहीत.

२२ जून, रविवार

चर्चनंतर सेइनी वन्सं आल्या. अळूच्या पानांत बांधून, नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस घेऊन आल्या होत्या. ओटीवर बसल्या. केलेपी आत झोपलेला. भाऊ झोपतो त्या खोलीत बहिणीने पाय ठेवायचा नाही. केलेपीला मिसरूड फुटल्यापासून त्या दोघांनी एका छपराखाली रात्र काढलेली नाही. म्हणून त्या बाहेरूनच दाराकडे बघत होत्या.

"पुन्हा झोपलाय? चर्चलाही आला नाही. बरा आहे ना तो?"

"दमतो, वन्सं. मळ्याचं काम पडतं."

"वाळलाय म्हणे. वाइओला सांगत होती."

"कावा सोडलाय ना, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांचं पाहणं म्हणजे काय विचारू नका, पोटातलं दिसतं त्यांना असं वाटतं. "अजून काही त्रास?"

तेवढ्यात लुपे मध्येच बोलली, "आत्या, बाबा रात्री सारखे..." मी तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की ती कळवळली. भावाच्या लघवीची गोष्ट बहिणीच्या तोंडासमोर? लाज नको पोरीला? वन्संनीही मान दुसरीकडे वळवली. असं काही कानावर पडू नये म्हणून त्या लगेच उठल्या.

जाताना वन्सं आपल्या यजमानांची आठवण काढून रडल्या. ते साखरेने गेले, चार वर्षं झाली. केवढा देह होता त्यांचा, बसायला दोन खुर्च्या जोडाव्या लागायच्या. वन्संनीच सगळं केलं त्यांचं. मी त्यांना वाटेपर्यंत सोडलं. त्या गेल्यावर लुपेला चांगली झापली.

३ जुलै, गुरुवार

घरामागे केळीच्या बुंध्याशी मुंग्यांचा नुसता खच पडलाय. लाल मुंग्या, ओळीच्या ओळी. तोमासीने तिथे सरबत सांडलं असणार, तो काही ना काही गोड घेऊन मागे पळतो. विचारलं तर म्हणतो मी नाही. खोटं बोलतो म्हणून एक ठेवून दिली. उकळतं पाणी ओतलं, तर संध्याकाळी पुन्हा तितक्याच. या घरात काही धड राहत नाही.

१२ जुलै, शनिवार

केलेपीच्या पायाला जखम आहे. अंगठ्याशेजारी, चांगली खोल. खोऱ्याने लागलं म्हणतो, पण केव्हा ते त्याला सांगता येत नाही. दुखतही नाही म्हणे. मी कोमट पाण्याने धुऊन पाला बांधला. इतक्या दिवसांत त्याच्या अंगाला हात लावला नव्हता. पिंढरी हातात मावली.

"आलिसी," तो म्हणाला, "मला कधी उजाडल्यासारखं वाटतच नाही गं. जागा असलो तरी."

मग मात्र माझा राग पाण्यासारखा वाहून गेला. किती केलं तरी माझं माणूस आहे. याच माणसाने नदीसारख्या पावसात मला खांद्यावर घेऊन चर्चला नेलं होतं, नवी चटई भिजू नये म्हणून. मी संत्र्याच्या पानांचा चहा केला, त्यात डब्यातलं गोड दूध घट्ट घातलं, वर साखर. गोडाने तरतरी येते. दोन मोठे पेले प्यायला आणि आणखी मागितला. आता रोज सकाळ-संध्याकाळ देणार आहे. अंगात बळ आलं की उठेल.

२५ जुलै, शुक्रवार

बळ कसलं येतंय. आज शेवटी मी पुरुषांच्या खोपटाशी गेले. ते मुळी कुटत बसले होते. आत जायची बायकांना चाल नाही, म्हणून दाराबाहेर उभी राहिले आणि मालाकाईला हाक मारली. मालाकाई म्हणजे केलेपीचा लहानपणापासूनचा जोडीदार, कधी धड बोलणार नाही.

"केलेपी इथे येतो का रात्रीचा? खरं सांग."

"येतो म्हणजे? अहो वहिनी, पहिली करवंटी त्याचीच! तो आल्याशिवाय आम्ही मुळी भिजवतसुद्धा नाही!"

आतले सगळे हसले. एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्हालाही देऊ का एक?" पुन्हा हशा.

मी तशीच मागे फिरले. दोन महिने. दोन महिने हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलतोय. लेकीच्या हाताला घट्टे पडले, पोर बापाशी बोलत नाही, आणि हा रोज रात्री "लघवीला." घरी आले तेव्हा तो झोपलेला होता. मी बोलले नाही. आता बोलणार नाही आणि उठवणारही नाही. झोप म्हणावं पोटभर.

३ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला कळलं की नाही कोण जाणे. परवा म्हणाला, "कोण आलंय?" कोणी आलं नव्हतं. बहाणे सगळे.

आज मी आणि मुलं चर्चला गेलो, त्याला तसाच ठेवून. आल्यावर खड्ड्यातली भट्टी उघडली, त्याचं पानात बांधून त्याच्या उशाशी ठेवलं. मुलांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, म्हणून लुपे पायाशी बसून हाका मारत होती.

"बाबा. बाबा, जेवायला."

"झोपू दे," मी म्हटलं. "रविवार आहे. गाव झोपलंय, त्याने काय पाप केलंय?"

"आई, ते ऐकतच नाहीत."

"ऐकतो बरं. पोट ओरडलं की उठेल आपोआप."

तोमासी म्हणाला, बाबांच्या तोंडाला पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतोय. गोड दूध पिऊन तोंड धुवत नाही, दुसरं काय. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी तो तसाच. पान उघडलंसुद्धा नाही. मी ते डुकरांना टाकलं. उद्या सकाळी मात्र एकदाच काय ते बोलून टाकणार आहे. मुलांना घेऊन ऑकलंडला भावाकडे जाईन म्हणणार आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

नेआफूच्या इस्पितळाच्या ओसरीवर बसून लिहितेय.

सोमवारी सकाळी मी त्याला हलवलं. तोंडावर पाणी मारलं. गालात मारलं, देवा, जोरात मारलं. डोळा अर्धा उघडला, पण त्यात तो नव्हता. मी तशीच अनवाणी वन्संच्या घरी धावले. त्या हातातलं टाकून आल्या. खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या. चौकटीला धरून उभ्या, पाय उचलेना. "काय दिसतंय? बोल, काय होतंय त्याला?" बाहेरून विचारत होत्या. मला सांगता येईना, मी नुसती रडत होते.

मग त्या आत आल्या. साठीला आलेली बाई, जन्मात पहिल्यांदा भावाच्या झोपायच्या खोलीत. त्याच्यावर वाकल्या, तोंडाचा वास घेतला, पायाचा पाला सोडला. अंगठा काळा पडला होता. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"साखर आहे ही, आलिसी."

मालाकाईने टेम्पो काढला. वाटभर वन्सं त्याच्या ओठांना पाणी लावत होत्या. डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर इतकी आहे की यंत्राला आकडा दाखवता आला नाही. पाय कापावा लागेल, पण त्याआधी तो तगायला हवा. पाणी फार प्यायचा का, रात्री उठायचा का, वजन उतरलं का, असं विचारत गेले आणि मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, गोड काही देत होतात का? मी म्हटलं, हो. रोज. दोनदा.

मला आत सोडतात तेव्हा त्याच्या कानाशी म्हणते, ऊठ. मी ओरडत नाही आता. हळूच म्हणते.

७ ऑगस्ट, गुरुवार

गेला. डोळे न उघडता.

१८ ऑगस्ट, सोमवार

दहा दिवस माणसांनी घर भरलेलं होतं. आज ओस पडलं. वन्संनी लुपेचे केस कापले, बापामागे मुलीचे केस आत्यानेच कापायचे असतात. लुपे रडली नाही. केस उचलून पुडीत बांधले आणि मळ्यात गेली.

दुपारी मालाकाई आला. पायरीवर बसला, आत येईना.

"वहिनी, एक सांगायचं होतं. तो येत नव्हता. मे महिन्यापासून कधीच नाही. एकदा दारापर्यंत आला होता, गाणं ऐकत उभा राहिला. बस म्हटलं तर म्हणाला, आलिसीला शब्द दिलाय."

"मग तू मला तसं का म्हणालास?"

"चेष्टा केली हो. सगळे बसले होते." तो एवढा मोठा गडी हुंदके द्यायला लागला. "मला काय माहीत तुम्ही खरं धराल."

त्याला बोलायला मला तोंड कुठे होतं? त्याने चेष्टा केली. पण केलेपी माझ्यापाशी झोपत होता, रोज खरं सांगत होता, आणि मी त्याचं सोडून त्या खोपटातल्यांचं ऐकलं.

संध्याकाळी वन्संना मी सगळं सांगितलं. तहान, रात्रीचं उठणं, तो रात्री जायचा त्या केळीपाशी येणाऱ्या मुंग्या. मुंग्या म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"त्या रविवारी लुपे हेच सांगत होती का?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या भावाची असली गोष्ट तुमच्यासमोर कशी काढू, वन्सं?"

त्यांनी कमरेच्या चटईची गाठ सोडून पुन्हा बांधली. "कळलं होतं मला, काहीतरी तसलं आहे ते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच उठून गेले मी. थांबले असते तर ऐकावं लागलं असतं."

मग आम्ही दोघी रडलो, पण वेगवेगळ्या कोपऱ्यात.

३१ ऑगस्ट, रविवार

आज चर्चला गेलो. तोमासी आता माझ्याशीही फारसा बोलत नाही. परवा मी त्याला म्हटलं, त्या मुंग्यांसाठी तुला मारलं ते चुकलं माझं. तो म्हणाला, "असू दे." आठ वर्षांचं पोर आणि म्हातारं असल्यासारखं बोललं.

जेवणं झाली. रविवारच्या जेवणानंतर अख्खं गाव झोपतं, कुत्रीसुद्धा. लुपे आणि तोमासी चटईवर आडवे झाले आणि मी ताटं उचलेपर्यंत दोघांचा डोळा लागला. तोमासीचं तोंड उघडं होतं. मी त्याला गदागदा हलवलं. तो घाबरून उठला. मग लुपेला हलवलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही. बोल माझ्याशी."

"काय बोलू? आठवडाभर खणतेय गं. झोपू दे ना थोडं."

मी बरं म्हटलं आणि विणायला बसले. दोन पाती विणून झाल्या नाहीत तोच माझ्याच्याने राहवेना. पुन्हा दोघांना उठवलं. तोमासी उशी घेऊन अंगणात निघून गेला. लुपेने कूस बदलली, आणि ती पुन्हा निपचित पडली तशी मी तिच्या खांद्याला धरलं.

ती उठून बसली. मला वाटलं आता चिडेल. तिने कापलेल्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात घेऊन आपल्या नाकाखाली धरला. श्वास गरम लागत होता.

"बघ. चाललाय ना? मी नुसती झोपलेय गं, आई."

"हो," मी म्हटलं. "पण आता उठून बस."